विश्लेषण : पैसे वजा, नोटा नाहीत… तेव्हा एटीएमच्या स्क्रीनवर काय दिसावे?

कार्ड घातले, पिन टाकला, दोन हजार रुपये वजा झाल्याचा संदेश मोबाइलवर आला. पण नोटा आल्याच नाहीत. त्या क्षणी स्क्रीनवर काय वाचायला मिळावे, हे यंत्र बनण्याआधीच लिहून ठरवावे लागते. या लेखनाची रूढ पद्धत म्हणजे ‘यूज केस’.

‘यूज केस’ म्हणजे काय?

माणूस यंत्रणेकडून एखादे काम कसे करून घेतो, याची पायरीपायरीने लिहिलेली हकिकत. स्वीडनचे इव्हार याकोबसन यांनी एरिक्सन कंपनीत काम करताना १९८०च्या दशकात ही पद्धत विकसित केली.

सॉफ्टवेअरची मदत किती?

‘एंटरप्राइझ आर्किटेक्ट’, ‘व्हिज्युअल पॅराडाइम’ अशा सॉफ्टवेअरमध्ये माणसाची आकृती आणि लंबगोल जोडून चित्र झटपट तयार होते. अनेक प्रकल्प तिथेच थांबतात. खरे काम मजकुराचे असते. ‘ग्राहक हिरवे बटण दाबतो’ असे लिहिले, तर बटणाचा रंग बदलताच दस्तऐवज जुना होतो. म्हणून ‘ग्राहक रक्कम निश्चित करतो’ असे लिहून स्क्रीनचे रेखाचित्र त्या पायरीला वेगळे जोडतात. कोणती अट कोणत्याच पायरीला जोडलेली नाही, हे सॉफ्टवेअर तक्त्यात दाखवते. मात्र कोणाला सुचलीच नाही, ती अट त्यात कुठून येणार?

घोळ कुठे होतो?

पैसे सुरळीत मिळण्याचा मार्ग आठ-दहा पायऱ्यांत संपतो. नेटवर्क तुटले, नोटा अडकल्या, ग्राहकाने नोटा उचललयाच नाहीत, या आडवाटा लांबलचक असतात आणि मुदत जवळ आली की त्याच गाळल्या जातात. मग स्क्रीनवर नुसते ‘व्यवहार अयशस्वी’ झळकते. गोंधळलेला ग्राहक पुन्हा कार्ड घालतो.

नियम काय सांगतो?

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत खात्यात परत जमा झाली पाहिजे. पुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न पाहता. म्हणजे रक्कम कोणत्या तारखेपर्यंत परत येईल, हे स्क्रीनवर सांगता येते. ती ओळ ‘यूज केस’मध्ये असेल तरच प्रोग्रॅमर ती दाखवणार. ती लिहिताना शाखेत तक्रारी घेणाऱ्या लिपिकाला बैठकीला बोलावलेले बरे. लोक घाबरून नेमके काय विचारतात, हे त्याला तोंडपाठ असते.