खाणीचे पाणी आणि ताटातला भात



खाणपट्ट्यातील आदिवासी गावांत आरोग्याच्या बैठका घेताना एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: "भात तर हिरवागार येतो, मग जमीन बिघडली असे कसे म्हणायचे?" याचे उत्तर जपानमधील जिंझू नदीकाठच्या लोकांनी फार सोसून मिळवले आहे.

नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्त व शिशाची खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम हा धातूही असतो. खाणीचे सांडपाणी नदीत जाई आणि नदीचे पाणी खाली तोयामा भागातील भातखाचरांत. धातू कुजत नाही, त्यामुळे तो मातीत साठत गेला. भाताची मुळे कॅडमियम शोषून घेतात. माणसाला घातक ठरेल इतका तो दाण्यात उतरला, तरी रोप निरोगीच दिसते. भात शिजवल्यानेही तो जात नाही.

पोटात गेलेला कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे राहतो. मूत्रपिंडे बिघडली की हाडांना लागणारी खनिजे लघवीवाटे निघून जातात आणि हाडे मऊ पडतात. तेथील रुग्णांची हाडे नुसत्या खोकल्यानेही मोडत. रोगाला नावच पडले 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. बहुतेक रुग्ण बरीच बाळंतपणे झालेल्या, उतरत्या वयाच्या स्त्रिया होत्या. शरीरात लोह कमी असेल तर कॅडमियम अधिक शोषला जातो. आपल्याकडे किती भगिनींना रक्तक्षय आहे, हे वाचकांना सांगायला नको.

१९६८ साली जपान सरकारने हा प्रदूषणातून झालेला रोग असल्याचे मान्य केले. रुग्णांनी कोर्टात दाद मागितली व १९७२ साली वरच्या कोर्टातही ते जिंकले. मात्र नुकसानभरपाई घेऊन ते थांबले नाहीत. शेतजमीन शुद्ध करून देण्याची हमी आणि तज्ज्ञांसह खाणीत जाऊन पाहणी करण्याचा हक्क त्यांनी कंपनीकडून लिहून घेतला. ८६० हून अधिक हेक्टर जमिनीच्या शुद्धीकरणाचे काम २०१२ साली पूर्ण झाले. बिघडलेले शेत सुधारायला एवढा काळ लागतो.

प्रत्येक खाणीतून कॅडमियम येतोच असे नाही; खनिजाप्रमाणे धातू बदलतो. म्हणून तपासणीआधी घाबरू नये, तसेच निर्धास्तही राहू नये. आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह अशा १२ बाबी असतात. कॅडमियम आणि शिसे त्यांत नसतात. ती तपासणी वेगळी मागावी लागते.

खाणबाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो. पिण्याचे पाणी, आरोग्य व प्रदूषण नियंत्रण ही त्यातील प्राधान्याची कामे आहेत. तेव्हा ग्रामसभेत ठराव करून माती, पाणी आणि तांदूळ या तिन्हींची तपासणी मागा, आणि तिचा अहवाल गावाला समजेल अशा भाषेत ग्रामसभेतच वाचून घ्या. दुखणे दिसू लागेपर्यंत थांबू नका.