कॅमेऱ्याने दाखवलेली आपली माणसे

जपानच्या दाइदो मोरियामा यांनी १९७१ साली मिसावा येथे टिपलेला भटका कुत्रा जगभर गाजला. रंग नाही, सजावट नाही. काळोख आणि ती नजर. पण बंधू-भगिनींनो, आम्हाला त्याहून जवळचे वाटतात ते आपले सुधारक ओलवे.

मूळचे अकोल्याचे, मुंबईतील वृत्तपत्र छायाचित्रकार. महापालिकेच्या सफाई कामगारांमागे ते वर्षानुवर्षे कॅमेरा घेऊन फिरले. गटारात उतरलेला कामगार, हातांनी उपसलेली घाण. हातमोजा नाही की तोंडाला फडके नाही. ही कृष्णधवल छायाचित्रे देशात-परदेशात प्रदर्शनांतून मांडली गेली. २०१६ साली पद्मश्रीही मिळाली. कौतुक आहेच, पण त्या चित्रांतील बहुसंख्य माणसे आपल्याच वस्त्यांतली आहेत! रंग असते तर नजर कचऱ्यावर रेंगाळली असती, इथे ती थेट चेहऱ्यावर जाते, असे आम्हाला वाटते. (आम्ही कारकून माणसे, कलेतले फार कळते असा दावा नाही.)

मुंबईच्या कचऱ्याचा मोठा भाग आज आपल्या कांजूरमार्गच्या डेपोत येतो. वास आला की आपण खिडक्या लावतो. संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे किती कामगारांना ठाऊक आहे?

विहारात या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवावे आणि शेजारी तो कायदा मराठीत लावावा, अशी आमची सूचना आहे. पहिले आमंत्रण कामगारांच्या मुलांना द्यावे.