काही संकेतस्थळेच का उघडतात?

घरातील इंटरनेट जोडणी सुरू असूनही काही संकेतस्थळे तत्काळ उघडावीत आणि काहींची पाने कोरीच राहावीत, हा प्रकार वरकरणी गूढ वाटतो. पीपीपीओई पद्धतीच्या जोडणीत त्याचे कारण पुष्कळदा पॅकेटच्या आकारात सापडते.

ईथरनेटवर पॅकेटची कमाल मर्यादा १५०० बाइट आहे. पीपीपीओईच्या वेष्टनात त्यांतील ८ बाइट खर्ची पडतात, उरतात १४९२. घरातील संगणकाला याची वार्ता नसते. दूरचा सर्व्हर १५०० बाइटांचे पॅकेट ‘तुकडे करू नयेत’ अशा खुणेसह धाडतो. अरुंद दुव्यापाशी राउटर ते टाकून देतो व तसा आयसीएमपी संदेश उलट पाठवितो. मार्गाची मर्यादा शोधण्याची १९९० साली प्रसिद्ध झालेली रीत सर्वस्वी या संदेशावर विसंबून आहे. एखाद्या फायरवॉलने सुरक्षेच्या भाबड्या कल्पनेपायी तो अडविला, की सर्व्हर तेच पॅकेट पुनःपुन्हा पाठवीत राहतो. आरंभीची पॅकेटे लहान असल्यामुळे जोडणी जुळते. मजकूर मात्र येत नाही. जेथे असा अडसर नाही, ती स्थळे सुखेनैव उघडतात.

अशा वेळी डीएनएस बदलण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो निरर्थक होय. जोडणी जुळली त्या अर्थी पत्ता सापडलेलाच असतो. त्याऐवजी पिंग आज्ञेने, तुकडे न करण्याच्या अटीवर, १४६४ बाइट पाठवून पाहावेत. शीर्षकांचे २८ मिळून ते १४९२ होतात. ते पोहोचले आणि १४६५ अडले, तर निदान बळावते. मग राउटरवर टीसीपी खंडाची मर्यादा १४६० वरून १४५२ वर आणावी. आयपीव्ही६ साठी ती १४३२ ठेवावी लागते.