वाहनसुरक्षा : पट्टा आधी, फुगा नंतर

ताशी ५४ किलोमीटर वेगाने धावणारी मोटार सेकंदाला १५ मीटर अंतर कापते. ती कशावर तरी आदळून थांबली, तरी आत बसलेला माणूस थांबत नाही. डॅशबोर्ड, स्टीअरिंग किंवा समोरची काच अडवेपर्यंत तो त्याच वेगाने पुढे जात राहतो. साडेअकरा मीटर उंचीवरून पडणारा माणूस जमिनीला टेकताना याच वेगात असतो. सत्तर किलोच्या देहाला पाच सेंटिमीटरच्या अंतरात थांबवायचे, तर सरासरी सोळा टनांच्या वजनाइतके बळ त्याच्यावर येते. तेच थांबणे साठ सेंटिमीटरवर पसरले, तर हे बळ दीड टनाच्याही आत राहते. वाहनसुरक्षेची सारी धडपड या वाढीव अंतरासाठी असते.

त्यातले बरेचसे अंतर बॉनेटखालचा सांगाडा चुरगळून मिळवून देतो, पण ते माणसाच्या वाट्याला यायचे तर माणूस गाडीला बांधलेला हवा. ते काम पट्ट्याचे. आजचा तीन टोकांचा पट्टा व्होल्व्हो कंपनीतील अभियंता निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये तयार केला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतरांनाही वापरू दिले. पट्ट्याचा खालचा भाग कमरेच्या हाडांवर आणि वरचा खांद्यावरून छातीवर बसतो. म्हणजे धक्का हाडे झेलतात, पोट नव्हे. खालचा पट्टा पोटावर सरकलेला असेल, तर तोच यकृताला आणि आतड्यांना इजा करू शकतो.

पट्टा हळू ओढला की सुटतो आणि झटक्याने ओढला की अडकतो. गाडीचा वेग एकाएकी घटला, तरी रिळातील छोटा गोळा किंवा लोलक जागचा हलतो आणि खटका दात्यात बसतो. नव्या गाड्यांत प्रीटेन्शनरही असतो. धडक होताच त्यातील लहानसा स्फोटक पट्ट्याची ढील काही सेंटिमीटर ओढून घेतो. त्यानंतर ताण फार वाढू लागला, की रिळातील धातूची दांडी पिळवटते आणि पट्टा थोडा सैल सुटतो, त्यामुळे बरगड्यांवरचा भार मर्यादेत राहतो.

एअरबॅगला याच्या पुढचे काम आहे. धडकेनंतर सुमारे १५ ते २० मिलिसेकंदांत संगणक निर्णय घेतो, रसायन पेटून वायू तयार होतो आणि पुढच्या सुमारे ३० मिलिसेकंदांत फुगा भरतो. डोक्याचा भार पडताच मागच्या भोकांतून वायू निघून जातो आणि फुगा दबत जातो. उघडताना जी पांढरी भुकटी उडते, तिला धूर समजून गाडी पेटल्याची आवई उठते ती उगाच.

फुगा अतिशय वेगाने उघडतो, म्हणून माणूस त्याच्यापाशी फुगा भरल्यावरच पोहोचायला हवा. पट्टा नसलेला माणूस ब्रेक लागतानाच पुढे कलंडलेला असतो आणि उघडता फुगाच त्याच्या तोंडावर बसतो. छाती स्टीअरिंगपासून निदान २५ सेंटिमीटर दूर ठेवण्याचा सल्ला याचसाठी आहे. मागे तोंड करून बसवायची बाळाची खुर्ची चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. पट्टा लावला नाही तर एअरबॅग उघडतच नाही, असे गॅरेजवर ठासून सांगितले जाते. ते सरसकट खरे नाही.

खरी बेपर्वाई मागच्या सीटवर दिसते. परळीचे नेते, तेव्हाचे केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत विमानतळाकडे जाताना मागेच बसले होते. चौकात दुसऱ्या मोटारीची धडक बसली. मानेच्या मणक्याला आणि यकृताला झालेली इजा जिवावर बेतली. मागचा पट्टा केवळ शोभेचा असतो या समजापायी मित्र गमावला, अशी खंत तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी व्यक्त केली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, ते दोघेही दगावले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये पट्टा न लावलेले १६,७१५ जण देशात मृत्युमुखी पडले आणि त्यांतले जवळपास निम्मे प्रवासी होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे दंड एक हजार रुपये आहे.

परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या रस्त्यांवर वऱ्हाड घेऊन धावणाऱ्या जीप आणि क्रूझरमध्ये मागे दोन्ही बाजूंना समोरासमोर बाकडी असतात. तिथे पट्टा असला तरी तो फारसा कामाचा नसतो, कारण अशा बैठकीत माणूस कुशीवर फेकला जातो आणि मान वळते.

गाळप हंगामात पाथरी, मानवतकडे राष्ट्रीय महामार्ग ६१ वर उसाच्या ट्रॉल्या असतात. मागून धडकणाऱ्या मोटारीचे बॉनेट ट्रॉलीखाली शिरते आणि ट्रॉलीचा सांगाडा थेट काचेवर येतो. चुरगळायचा भाग तसाच राहतो, सेन्सरला धक्का उशिरा जाणवतो आणि फुगा उघडला तरी त्याला वाव उरत नाही. ट्रकच्या मागे खाली आडवा गार्ड असतो तो मोटारीला असे आत शिरू न देण्यासाठी. ट्रॉलीला तो सहसा नसतो.