सौंसरच्या गारेतील शैवले

मध्य प्रदेशातील लोधीखेडा हे गाव नागपूर-छिंदवाडा लोहमार्गावर, सावनेर व सौंसर यांच्या दरम्यान वसलेले आहे. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा निर्माण झाला, तेव्हापासून हा सौंसर तालुका त्या जिल्ह्यात मोडतो. संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या मुलखाचे नाव भूविज्ञानाच्या ग्रंथांतही दोन कारणांनी आले आहे. मँगनीज व संगमरवर देणाऱ्या अतिप्राचीन खडकांना 'सौंसर श्रेणी' म्हणतात, हे पहिले कारण. दुसरे कारण मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. ते म्हणजे सौंसरच्या आसपास विखुरलेल्या गारेसारख्या कठीण दगडांत सापडलेल्या प्राचीन वनस्पती. त्यांतील एका शैवलाला शास्त्रज्ञांनी 'कारा सौसरी' असे या गावाचेच नाव दिले आहे.

शेवाळ हे मऊ व नाशवंत. ते दगडात टिकते कसे, असा प्रश्न साहजिकच पडतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर तप्त लाव्ह्याचे थरावर थर पसरले. मात्र हे उद्रेक अखंड चालू नव्हते. दोन उद्रेकांमधील दीर्घ विसाव्याच्या काळात थंड झालेल्या खडकावर तळी साचली, झाडे वाढली, गोगलगाई व मासे नांदले. पुढील उद्रेकाने हे सर्व गाडले गेले. अशा दोन लाव्हाथरांमधील गाळाच्या थरांना 'अंतरा-ट्रॅपी थर' म्हणतात. पाण्यात विरघळलेली सिलिका वनस्पतींच्या पेशींत झिरपून घट्ट झाली आणि त्यापासून चर्ट हा दगड बनला. त्यामुळे सूक्ष्म पेशींची रचनाही आज सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते.

'कारा' हे शैवल आजही तळ्यांत व संथ पाण्यात वाढते. त्याच्या अंगावर चुन्याचे पुट बसत असल्याने ते हाताला खरखरीत लागते. त्याच्या स्त्री-जननेंद्रियाभोवती पाच पेशी मळसूत्राप्रमाणे गुंडाळलेल्या असतात. त्यांवर चुना साचून बहुधा मोहरीहूनही लहान असा पीळदार दाणा तयार होतो. शैवलाचे अंग कुजून गेले तरी हा दाणा टिकतो, आणि त्याचा आकार व पीळ पाहून जात ओळखता येते.

भारतातील अश्मीभूत शैवलांच्या अभ्यासाचा आरंभ अशाच एका दाण्याने झाला, असे म्हणता येईल. मद्रासच्या लष्करातील शल्यचिकित्सक जॉन ग्रँट माल्कमसन यांनी नागपूर व हैदराबाद यांच्या दरम्यानच्या डोंगराळ प्रदेशातून जीवाश्म गोळा केले. त्यांचा वृत्तांत १८४० मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्यातील शैवलाला सॉवर्बी यांनी 'कारा माल्कमसोनाय' असे नाव दिले. त्यानंतर नागपूर येथील मिशनरी स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनी टाकळी व इतर ठिकाणचे थर धुंडाळून १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूरचनेवर निबंध प्रसिद्ध केला.

विसाव्या शतकात या कार्याची धुरा भारतीय शास्त्रज्ञांनी उचलली. १९३६ मध्ये एल. रामाराव व व्हिएन्नाचे युलियुस पिया यांनी तत्कालीन तिरुचिरापल्ली जिल्ह्यातील निनियूर येथील सागरी शैवलांचे वर्णन केले. एस. आर. नारायणराव व के. श्रीपादराव यांनी राजमहेंद्रीजवळच्या अंतरा-ट्रॅपी थरांतील कारावर्गीय शैवलांचा अभ्यास केला. त्याच परिसरात सागरी शैवलेही मिळाल्याने तेथे प्राचीन काळी समुद्रकिनारा असावा, हे स्पष्ट झाले. कारण कारावर्गीय शैवले गोड्या किंवा मचूळ पाण्यात वाढतात. म्हणजे शैवलाची जात कळली की नाहीशा झालेल्या पाण्याची चवही कळते.

सौंसरच्या दगडांकडे लक्ष वेधले ते लखनौ विद्यापीठाचे प्रा. बिरबल साहनी यांनी. त्यांनी व एच. एस. राव यांनी १९४३ मध्ये सौंसर परिसरातील वनस्पतींवरील निबंध प्रसिद्ध केला. त्यात काराबरोबर 'अझोला' या तरंगत्या जलनेच्याचे अवशेषही होते. भातखाचरांत नत्राच्या खतासाठी आज जी अझोला सोडतात, तिचीच ही प्राचीन आप्त. या दोन वनस्पतींवरून येथे गोड्या पाण्याचे तळे असावे, असे अनुमान निघते. छिंदवाड्याकडील मोहगाव कलान येथील थरांवर के. पी. रोडे, नागपूरचे व्ही. बी. शुक्ल आणि डॉ. श्यामला चितळे यांनीही मोलाचे काम केले.

या अभ्यासामागे एक मोठा वाद होता. दख्खनचा लाव्हा नेमका केव्हा वाहिला? साहनींनी १९३४ पासून वनस्पतींच्या पुराव्यावरून तो इओसीन काळातील, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरचा, असे प्रतिपादन केले. १९७६ मध्ये एस. बी. भाटिया व एम. एस. मण्णिकेरी यांनी नागपूरजवळच्या कारावर्गीय शैवलांचे पुन्हा परीक्षण केले. पुढे याच थरांत डायनोसॉरचे अवशेष मिळाले, तसेच किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून खडकांचे वयही मोजले गेले. त्यावरून बहुतेक उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीच्या सुमारास झाले, असे ठरले. साहनींचा कालनिर्णय बदलला, तरी त्यांनी जपलेले दगड व केलेली वर्णने आजही उपयोगी पडतात. २००९ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथील थरांतून सूक्ष्म सागरी जीवांची कवचे प्रसिद्धीस आली आणि समुद्राचा फाटा मध्य भारतापर्यंत पोहोचला होता काय, हा प्रश्न नव्याने पुढे आला.

असे प्रश्न सुटतात ते प्रत्येक दगड कोठून आला हे ठाऊक असल्यामुळे. विहिरीच्या खोदकामात, नाल्याच्या काठी किंवा शेताच्या बांधावर काळ्या खडकांच्या मध्ये गाळाचा थर अथवा गोगलगाईंचे ठसे असलेला दगड आढळल्यास तो फोडू नये. गाव, शेत, खोली आणि वरचा-खालचा खडक यांची नोंद करून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयास किंवा जवळच्या महाविद्यालयास कळवावे. शिक्षकांना शाळेच्या संग्रहातील दगडांवर अशी चिठ्ठी लावता येईल. जागेची नोंद नसलेला जीवाश्म केवळ शोभेची वस्तू ठरतो. नोंद असेल, तर तोच त्या भूमीच्या इतिहासाचा पुरावा होतो.