समजून घ्या : रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलंय? ‘सहा गोळ्या पुरतील का’ याआधी हे प्रश्न विचारा

धुळ्यापासून साधारण २० किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून असलेलं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. दुकानं, ढाबे, पेट्रोल पंप आणि रात्रभर धावणारे ट्रक. रोकड घेऊन उशिरा घरी जाणाऱ्या व्यापाऱ्याच्या मनात ‘आपल्याकडे एखादं शस्त्र असावं का’ हा विचार येणं स्वाभाविक आहे. मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि समोर येतात अमेरिकेतले व्हिडिओ : कपड्याखाली लपेल असं पिस्तूल कोणतं, त्यात गोळ्या किती, मॅगझिन १० चं की १५ चं?

हे व्हिडिओ आपल्या कामाचे का नाहीत? भारतात नेमकं काय घेता येतं? आणि सहा गोळ्यांचं शस्त्र पुरेसं असतं का? सविस्तर पाहू.

अमेरिकेतला ‘१० गोळ्यांचा नियम’ काय आहे?

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांत १० पेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी आहे. न्यू जर्सीत ही मर्यादा आधी १५ होती, २०१८ मध्ये ती १० झाली. त्यामुळे तिथला ग्राहक ‘१० च गोळ्या मिळणार असतील तर मोठं पिस्तूल कशाला, लहान आणि सडपातळच घेऊ’ असा हिशेब करतो.

मग भारतात मर्यादा कशावर आहे?

आपल्याकडे मुख्य अडवणूक मॅगझिनवर नाही, बोअरवर आहे. बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास. ९ मिमीसारखे लष्कर आणि पोलिसांच्या वापरातले बोअर ‘प्रतिबंधित’ वर्गात येतात. ते सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. सरकारी काडतुसं बाहेर फुटू नयेत, हा त्यामागचा विचार.

नागरिकासाठी उरतात ते प्रामुख्याने .३२ आणि .२२ बोअर. सर्वसामान्य नागरिकाला परदेशातून शस्त्र आयात करण्याची वाट १९८० च्या दशकातच बंद झाली. त्यामुळे दुकानात नवीन शस्त्र हवं असेल तर देशी मालातूनच निवडावं लागतं. .३२ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या, पिस्तुलात सात-आठ. म्हणजे कायद्यात आकडा न लिहिताही मर्यादा आपोआप येते.

बाजारात काय आहे?

कानपूरची .३२ रिव्हॉल्व्हर जुनी आणि सर्वात ओळखीची. वजन सुमारे ७०० ग्रॅम. २०१४ मध्ये ‘निर्भीक’ आली. तीही .३२ ची, सहा गोळ्यांची, पण टायटॅनियम मिश्रधातूमुळे वजन सुमारे ५०० ग्रॅम. महिलांसाठी म्हणून तिची जाहिरात झाली, मात्र त्या वेळची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये होती. २०२३ मध्ये ‘प्रबल’ आली. तिचा पल्ला ५० मीटर असल्याचं कंपनी सांगते. ईशापूरच्या कारखान्याचं ‘अशनी’ हे .३२ चं पिस्तूल आणि ‘निडर’ ही .२२ ची सुमारे २५० ग्रॅमची रिव्हॉल्व्हर. पूर्वी हे सगळे आयुध निर्माणी मंडळाचे कारखाने होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये मंडळाच्या सात कंपन्या झाल्या. आता खासगी उत्पादकही या क्षेत्रात आहेत.

खिशाचा विचार करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या चक्रात बसतात. त्यामुळे ती मधोमध जाड असते, कमरेला जाणवते. तिचा ट्रिगरही जड असतो. पण एखादी गोळी उडाली नाही तर पुन्हा ट्रिगर ओढायचा, पुढची गोळी समोर येते. चक्र बाहेर काढलं की शस्त्र भरलेलं आहे की रिकामं, हे एका नजरेत कळतं.

पिस्तूल चपटं असतं, कपड्याखाली सहज बसतं. पण ते अडकलं तर दोन्ही हातांनी स्लाइड ओढून मोकळं करावं लागतं. शिवाय मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीमागच्या कप्प्यात राहू शकते. ‘रिकामं आहे’ असं समजून हाताळताना होणाऱ्या अपघातांचं हे मोठं कारण आहे.

आणखी एक : .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस आणि .३२ पिस्तुलाचं काडतूस वेगळं असतं. नावातला आकडा सारखा म्हणून एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

सहा गोळ्या पुरतील का?

खरा प्रश्न मॅगझिनचा नाही, सरावाचा आहे. परवान्यावर काडतुसांचे दोन आकडे लिहिलेले असतात : एका वेळी जवळ किती ठेवायची आणि वर्षभरात किती घ्यायची. म्हणजे सरावाला गोळ्या मोजक्याच. दोन-दोन वर्षं शस्त्र कपाटातून बाहेर न काढणाऱ्या माणसाला घाबरलेल्या क्षणी आठ गोळ्यांचं पिस्तूलही नीट चालवता येणार नाही. ज्याचा सराव कमी होणार आहे, त्याने साधं यंत्र निवडावं. रोज जवळ बाळगायचं असेल तर वजन पाहावं. हलकं शस्त्र बाळगायला सोपं, पण त्याचा झटका हाताला जास्त बसतो, हेही ध्यानात घ्यावं.

परवाना कसा मिळतो?

धुळे जिल्ह्यात अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. पोलिस अहवाल मागवला जातो. वय किमान २१ वर्षं हवं. शारीरिक-मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि सुरक्षा प्रशिक्षण या अटी २०१६ च्या शस्त्र नियमांत आहेत. ‘मालमत्ता नाही’ एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं १९५९ चा शस्त्र कायदा सांगतो. पण जिवाला धोका असल्याचं ठोस कारण दाखवावं लागतं. नुसती हौस चालत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. आधी ही संख्या तीन होती. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली.

शस्त्र झाकून बाळगणं गुन्हा आहे का?

उलट, झाकून बाळगणं हीच अट आहे. सार्वजनिक ठिकाणी हे शस्त्र होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. कमरेला मिरवणं, फोटोसाठी उगारणं यामुळे परवाना जाऊ शकतो. लग्न-मिरवणुकीत निष्काळजीपणे हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

परवाना कोणत्या हद्दीसाठी आहे हेही वाचा. तो फक्त महाराष्ट्रासाठी असेल, तर सोनगीरहून सेंधव्याला माल घेऊन निघालेल्या व्यापाऱ्याचा अधिकार हाडाखेडच्या सीमेवर संपतो. निवडणूक काळात छाननी समितीने सांगितल्यास शस्त्र पोलिस ठाण्यात जमा करावं लागतं.

गोळी कधी झाडता येते?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा अधिकार आहे. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल, जबरी चोरी होत असेल, तर हा अधिकार समोरच्याच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. गल्ल्यातली रक्कम घेऊन पाठमोऱ्या पळणाऱ्यावर गोळी झाडली, तर तुम्हीच आरोपी व्हाल. परवाना शस्त्र ठेवण्याचा असतो, झाडलेल्या प्रत्येक गोळीचा जाब द्यावाच लागतो.

‘एवढी कटकट कशाला, कट्टा मिळतो की!’

खानदेशात हे वाक्य ऐकू येतं, कारण चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या उमर्टी परिसरातून येणारे गावठी कट्टे धुळे-जळगाव पोलिसांच्या कारवायांत वारंवार सापडतात. कारखान्यातल्या शस्त्राची नळी दाबाच्या चाचणीतून जाते. कट्ट्याची अशी कोणतीही चाचणी झालेली नसते. बार उडताना नळी फाटली तर हात आणि डोळा चालवणाऱ्याचाच जातो.

कायद्याची बाजू त्याहून कडक आहे. विनापरवाना शस्त्र बनवणं किंवा विकणं यासाठी २०१९ पासून किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. विनापरवाना जवळ बाळगणं हाही तुरुंगात नेणारा स्वतंत्र गुन्हा आहे. ज्याच्या घरी स्वसंरक्षणासाठी कट्टा आहे, तो चोर आल्यावर पोलिसांना बोलवायलाही कचरतो.

अर्ज करण्याआधी

घरात लहान मुलं आहेत का? कुलूपबंद तिजोरी आहे का? घरात कुणी दारू पितं का, किंवा नैराश्यात आहे का? यातल्या एकाही उत्तराने मनात शंका आली, तर शस्त्र घरात न आणलेलंच बरं. रोकड कमी ठेवणं, भरणा करण्याची वेळ आणि रस्ता बदलत राहणं, सोबत माणूस नेणं, दुकानात कॅमेरे लावणं या गोष्टींना परवाना लागत नाही. अडचणीच्या वेळी ११२ क्रमांकावर पोलिस मदत मिळते.

एवढं करूनही धोका कायम असेल, तर धमकी किंवा हल्ल्याच्या तक्रारींच्या प्रती जपून ठेवा. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करताना ‘शस्त्र का हवं’ या प्रश्नाचं उत्तर त्याच कागदांतून मिळतं.