पितळी भांड्यांची घासणी व कल्हई

चतुर्थी जवळ आली की गोव्यात घरोघरी माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात. चिंच वा भिरंडाची सोले मिठाबरोबर घासताच ती लखलखतात. कारण पितळेतील तांब्यावर चढलेले पुट आम्लात विरघळते. परंतु हाच गुण स्वयंपाकात घातक ठरतो. कल्हई उडालेल्या भांड्यात सोलकढी वा आमटी ठेवल्यास तांबे तीत उतरते, पदार्थ कळकतो व खाणाऱ्यास मळमळ, उलट्या होतात. यास्तव आंबट घासणी बाहेरूनच लावावी व भांडे लगेच धुऊन कोरडे पुसावे. आतील कथलाचा थर मऊ असतो. तेथे वाळू वा विटेची पूड वापरणे म्हणजे कल्हई आपल्याच हाताने खरवडणे होय. आत पिवळेपणा दिसू लागताच भांडे कल्हईस द्यावे. कल्हईवाले आता विरळ झाले आहेत हे खरे; तो मिळेपर्यंत त्यात कोरडे तांदूळ भरून ठेवण्यास हरकत नाही.